डाव्या कानाशी

१

माणसं दिवसातून दोनदा तरी तोंड धुतात. फोन मात्र कुणी धूत नाही. तोंडावरून जे जे सुटतं ते फोनवर साठत राहतं, आणि शेवटी एक दिवस तो फोन माझ्यासमोर येतो.

आमच्या घराखाली मामाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. शाळेतून आले की काहीतरी खाऊन मी साडेचारला खाली जाते आणि मागच्या खोलीत बसते. पुढे बसत नाही. पुढे गिऱ्हाइकं असतात, ती काहीबाही विचारतात, आणि मला उत्तर येत असलं तरी ते तोंडातून बाहेर पडत नाही. मामा मला ‘म्यूट’ म्हणतो. आमची म्यूट बसलीय आत, पाच मिनिटांत करून देईल, असं गिऱ्हाइकांना सांगून तो मधल्या खिडकीतून फोन आत सरकवतो.

माझ्याकडे एकाच तक्रारीचे फोन येतात. फोन लावला की स्क्रीन काळी पडते आणि पुन्हा उजळतच नाही. बोलणं संपलं तरी लाल बटण दिसत नाही, फोन ठेवता येत नाही. लोकांना वाटतं, मोठा बिघाड आहे. तसं नसतं. फोनच्या वरच्या कडेला, जिथून आवाज येतो त्या जाळीशेजारी, तिळाएवढा एक सेन्सर असतो. गाल जवळ आला की तो स्क्रीन विझवतो, म्हणजे गालाने भलतीच बटणं दाबली जाऊ नयेत. गाल लांब गेला की स्क्रीन पुन्हा लागते. पण त्या तिळावर घाण बसली, की त्याला वाटत राहतं गाल अजून इथेच आहे.

दहातल्या आठ फोनांना फक्त घाण असते. ती मला आता बघताक्षणी ओळखता येते. पावडर आणि घाम मिळून झालेला राखाडी लगदा. केसांच्या तेलाचा थर, त्यात अडकलेला एखादा आखूड केस. आणि जाळीत कानातला मळ, कुणाचा पिवळा नि ओला, कुणाचा तपकिरी, पापुद्र्यासारखा निघणारा. स्पिरिटचा ब्रश फिरवला की तो विरघळतो आणि कानामागे बोट घासून हुंगल्यावर येतो तसा वास येतो. मी तोंडाने श्वास घेते. मग वाटतं, तो वास जिभेवर बसतोय.

साफ करून झालं की त्या फोनवरून दुकानाचा फोन लावायचा. दुकानाचा फोन आपोआप उचलला जातो, म्हणून तो मी आधीच खणात ठेवते, नाहीतर आवाज घुमतो. मग सेन्सरवर तळवा धरायचा, स्क्रीन काळी. तळवा काढायचा, स्क्रीन लागली. असं तीनदा. तीनदा झालं की वहीत बरोबरची खूण. कान मात्र मी कधीच लावत नाही. दुसऱ्याच्या फोनला तर नाहीच, पण खरं सांगायचं तर कुणाच्याच नाही.

२

माझ्या आईला उजव्या कानाने ऐकू येत नाही. ती पाच वर्षांची असताना आजारी पडली होती, त्यात तो कान गेला. त्यामुळे आमच्या घरात सगळे आईच्या डाव्या बाजूला बसतात. जेवताना माझी जागा तिच्या डावीकडे. रस्त्याने चालताना मी डावीकडे, मग तिकडून गाड्या का येत असेनात. पाहुणे चुकून उजवीकडे बसले तर आई गोल फिरून बसते आणि हसते.

माझा आवाज लहान आहे. वर्गात बाई तीनदा म्हणतात, मोठ्याने बोल. मामा कानावर हात धरून पुढे वाकतो. फक्त आईच्या डाव्या कानाला माझं सगळं ऐकू येतं, मी ओठ जेमतेम हलवले तरी. कसं, ते मला माहीत नाही. ती म्हणते, एकाच कानाला दोघांचं काम करावं लागतं, म्हणून तो हुशार झालाय.

बाबा लांब कामाला आहेत. त्यांची पाळी संपली की आमच्याकडे सहा वाजलेले असतात, आणि तेव्हा ते फोन करतात. आई स्वयंपाकघराच्या खिडकीशी स्टूलवर बसते, फोन डाव्या कानाला लावते आणि अर्धा तास बोलते. मी कशी आहे असं ते विचारतात, तेव्हा मी मान हलवते. आई सांगते, बरी आहे ती, मान हलवतेय. बाबा म्हणतात, मान हलवलेली मला इथून दिसत नाही म्हणावं. हे गेली तीन वर्षं चाललंय.

३

त्या बाई आल्या तेव्हा मी खिडकीतून बघत होते. साधारण आईच्याच वयाच्या, नीटनेटक्या, केस घट्ट बांधलेले. डाव्या कानात कापसाचा बोळा होता. बोळ्याची बाहेरची बाजू पिवळी पडून कडक झाली होती. मामा बोलायला लागला की त्या उजवा कान पुढे करत होत्या.

तक्रार नेहमीचीच. स्क्रीन काळी पडते, फोन ठेवता येत नाही.

मामाने विचारलं की फार बोलता का फोनवर. त्याच्या ह्या प्रश्नाला बहुतेक जण हसतात. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या की मुलगा रोज फोन करतो. "आता ह्या कानाने मला त्याचं काही कळत नाही. पण ठेवताच येत नाही, म्हणून धरून बसते."

"मग दुसऱ्या कानाला लावायचा, ताई."

बाईंनी मामाकडे असं पाहिलं, की जणू त्याने काहीतरी घाणेरडं सुचवलंय. "नको," त्या म्हणाल्या. "तो एक राहू दे."

मामाने फोन आत सरकवला. मी तो नेहमीसारखा कडेला धरून घेतला. काच ओली होती. घामाने होते तशी नाही. गरम दुधावर साय धरायला लागते, तेव्हा बोट लावलं तर जसं लागेल, तशी.

४

मी दोनदा हातमोजे बदलले. जाळीतून जे निघालं ते मळासारखं नव्हतं, मऊ आणि पांढुरकं होतं, आणि ब्रशला लांब तार सुटत होती. काचेवर कानाचा ठसा होता. तसे ठसे मी रोज बघते. पाळी, मधला खळगा, खाली गालाचा गोल डाग. मी स्पिरिट लावून पुसलं. ठसा तसाच. पुन्हा पुसलं. मग काच तिरपी करून दिव्याखाली धरली, तेव्हा दिसलं की ठसा काचेच्या आतून आहे.

मला आधी वाटलं, काच बसवताना डिंक पसरला असेल. पसरतो कधीकधी. डिंकाला कानाच्या पाळीचा आकार येऊ शकतो का, हा प्रश्न मी मनातल्या मनात बाजूला ठेवला.

मग चाचणी. दुकानाचा फोन खणात ठेवला, खण लावला. बाईंचा फोन टेबलावर उताणा ठेवून नंबर लावला. मी तळवा पुढे न्यायच्या आधीच स्क्रीन काळी पडली.

घाण राहिली असेल. मी वाट बघितली. पाच-सात सेकंदांनी स्क्रीन लागली, क्षणभर, आणि पुन्हा विझली. मग पुन्हा. फोनवर बोलताना माणूस फोन कानावर जरासा सरकवतो, दाबतो, सैल करतो, तेव्हा स्क्रीन अशीच लागते-विझते. टेबलावर फोन आणि माझ्या दोन हातांखेरीज काही नव्हतं. हातसुद्धा मी मांडीवर घेतले होते.

खोलीत पंख्याचा आवाज होता. मी खुर्चीत जरा मागे सरकले, खुर्ची करकरली, आणि त्याबरोबर स्क्रीन काळी पडली ती काळीच राहिली. कुणीतरी नीट ऐकू यावं म्हणून कान घट्ट दाबून धरावा, तशी.

मी काहीच बोलले नाही. मला तसं बोलताच येत नाही. पण त्या वेळी मी मुद्दाम बोलले नाही.

फोन ठेवायला बाजूचं बटण दाबून धरलं. काचेवर, सेन्सरच्या बरोबर वर, एक वाटोळा ओला डाग उमटला होता. तो माझ्या देखत वाळला नाही.

५

मामाने फोन उघडला, सेन्सरची पट्टी काढून दुसरी बसवली आणि पाच मिनिटांत सगळं ठीक झालं. तळवा धरला, काळी. काढला, लागली. तीनदा. आतला ठसाही नव्हता. काढलेली पट्टी मामाने मीटर लावून तपासली. पट्टी चांगली होती.

मामाची एक सवय आहे. काढलेली वस्तू तपासून चांगली निघाली तर तो ती टाकत नाही. औषधाच्या गोळ्यांची सात कप्प्यांची डबी असते ना, तशी एक त्याच्याकडे आहे. जवळपास सगळ्या स्वस्त फोनांना तीच पट्टी बसते, त्यामुळे उपयोगाला येते. कप्प्यावर चिठ्ठी लावायचं काम माझं, कारण माझं अक्षर चांगलं आहे. चिठ्ठीवर दोनच शब्दांपैकी एक लिहायचा असतो, ‘ठीक’ किंवा ‘बाद’.

"बोल, म्यूट. तू चाचणी केलीस. काय लिहायचं?"

मी ‘बाद’ लिहिलं असतं तर मामाने विचारलं असतं, का. मग मला सांगावं लागलं असतं की फोन एकटाच पडलेला असताना त्याला गाल लागत होता. मामाने ते पुढच्या गिऱ्हाइकाला हसत हसत सांगितलं असतं. मी ‘ठीक’ लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

बाई दुसऱ्या दिवशी फोन न्यायला आल्या. त्यांनी तो आधी गालाला लावला, उजव्या, आणि लगेच काढला. मग बोटांनी गाल चाचपला.

"कोरडा आहे," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मग दारातून मागे वळून त्यांनी विचारलं की काढलेला तुकडा टाकलात ना.

"टाकला की," मामा म्हणाला. तो सगळ्यांना असंच सांगतो.

डबी माझ्यासमोर होती. बाईंनी खिडकीतून आत पाहिलं, थेट माझ्याकडे. मी मान हलवली. कशासाठी हलवली, ते त्यांनी त्यांच्या मनाने ठरवलं असेल.

६

महिन्याभराने आईचा फोन बादलीत पडला. वाळवल्यावर चालू झाला, पण स्क्रीन विझेना. आईचा गाल लागून भलतीच बटणं दाबली जायची, बाबांचा आवाज बंद व्हायचा, आणि बाबांना वाटायचं आईने रागाने फोन ठेवला. दोन दिवस ह्यावरून त्यांचं खरोखरच थोडं बिनसलं. मग मामा म्हणाला, आण इकडे, आणि मी शाळेत असताना त्याने दुरुस्त करून टाकला.

मला हे ठाऊक होतं. पण डबीची आठवण झाली नाही. इतकी साधी गोष्ट, पण नाही झाली.

आठवड्याभरात आईच्या डाव्या गालावर पुरळ आलं. बारीक, ओलसर, कानाच्या पाळीपासून खाली. आई म्हणाली, उकाडा. मग कान खाजायला लागला. टॉवेलच्या टोकाने ती कान पुसायची आणि टोकाला पिवळट ओल लागायची. टॉवेल तिचा मी वेगळा ठेवला. मला किळस आली म्हणून ठेवला, आणि आईची किळस आली ह्याची मला रात्रभर लाज वाटली.

डॉक्टरांनी थेंब दिले. कान आतून सुजलाय म्हणाले, फोन जरा कमी करा.

आई म्हणाली, "अर्ध्या तासात काय होतंय."

आणि एका संध्याकाळी मी तिच्या डावीकडे बसून शाळेतलं काहीतरी सांगत होते. आई भाजी चिरत होती. ती मध्येच थांबली आणि माझ्याकडे तोंड वळवून म्हणाली, "काय म्हणालीस?"

असं तिने मला कधीच विचारलं नव्हतं. मी पुन्हा सांगितलं. तिने माझ्या ओठांकडे पाहिलं आणि हसली. ज्या हसण्याने ती पाहुण्यांना फसवते, तेच ते हसणं होतं.

मी खाली जाऊन डबी उघडली. बाईंची पट्टी ठेवली होती त्या चौथ्या कप्प्यात काही नव्हतं. वर चिठ्ठी तशीच होती. ‘ठीक’, माझ्या अक्षरात.

७

त्या दिवशी सहा वाजता मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. आई खिडकीकडे तोंड करून स्टूलवर बसली होती, म्हणजे मागून, तिरकस, तिची डावी बाजू मला दिसत होती. गाल दुखत असल्याने तिने फोन गालापासून लांब धरला होता. चांगलं दोन बोटांचं अंतर होतं. इतकं अंतर असलं की स्क्रीन लागते. लागायलाच पाहिजे. मी हजारदा तपासलंय.

स्क्रीन काळी होती.

खिडकीतून संध्याकाळचा उजेड येत होता. आईच्या कानातल्या खड्यावर पडला होता, केसांवर पडला होता. फोन आणि गाल ह्यांच्या मधल्या फटीतूनही तो माझ्याकडे यायला हवा होता. तिथून येत नव्हता.

मी डोळे बारीक केले नाहीत. खाली गेले.

मामाला मी सगळं सांगितलं. माझ्या आयुष्यात मी त्याच्याशी एका वेळी इतकं कधी बोलले नव्हते. तो हसेल असं वाटलं होतं. तो कानावर हात धरून पुढे वाकला आणि मधूनमधून म्हणत राहिला, "जरा मोठ्याने, बाळा." चिठ्ठीबद्दल सांगितलं तेव्हा त्याने डबीकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. गालाचं काही त्याला पटलं नव्हतं. पण कुणाच्या तरी कानाच्या जखमेतली घाण आपण बहिणीच्या फोनमध्ये बसवली, हे त्याला पटलं, आणि तेवढं पुरेसं होतं.

तो वर गेला, बाबांचं बोलणं संपल्यावर फोन घेऊन आला आणि तिथल्या तिथे उघडला. नवीकोरी पट्टी पाकिटातून काढून बसवली. जुनी चिमट्यात धरून बाहेर काढली तेव्हा ती फोनपासून सुटेना, मध्ये एक चकचकीत तार ताणली गेली आणि मग तुटली. मामाने नाक मुरडलं.

"टाकून देऊ?" त्याने विचारलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "नाही, थांब."

त्याने पट्टीचे पकडीने तुकडे केले आणि तापलेल्या सोल्डरिंग गनने एकेक तुकडा जाळला. वास आला तो प्लास्टिकचा नव्हता. केस जळल्याचा होता. पुढच्या बाकावर बसलेलं एक गिऱ्हाईक नाक धरून बाहेर गेलं.

"झालं? आता ना तुकडा, ना भानगड," मामा म्हणाला. मीही तसंच समजले.

८

दुसऱ्या दिवशी सहा वाजता मी पुन्हा दारात उभी होते. फक्त खात्री करायची होती.

आईने फोन उचलला, हॅलो म्हणाली, कानापासून लांब धरला. स्क्रीन काळी पडली.

बाईंच्या फोनमधून पट्टी काढली, तेव्हा ते पट्टीबरोबर डबीत गेलं असेल. महिनाभर तिथे पडून राहिलं असेल. काल पट्टी जाळली. आता त्याला परत जायला जागाच ठेवलेली नव्हती. असं मला दारात उभं असताना वाटलं. हे बरोबर आहे का, ते मला आजही माहीत नाही. ह्यात तपासण्यासारखं काही नाही.

आई म्हणत होती, "हॅलो? ऐकू येत नाहीये हो. जरा मोठ्याने." बाबा तिकडून ओरडत असणार, कारण त्यांचा बारीक किरकिरा आवाज मला दारापर्यंत येत होता. फक्त आईला येत नव्हता. ती फोन अजून घट्ट धरायला गेली.

आणि तेव्हा, फोन सरकला त्या क्षणी, फटीत उजेड शिरला आणि मला दिसलं. अर्धा सेकंद असेल. कागदाच्या घडीइतकं पातळ, फिकट, ओलं. त्यावर त्वचेची छिद्रं होती. बाबांचा आवाज चढला तसं ते जरा फुगलं. आईच्या कानाकडची त्याची कड दिसत नव्हती, ती आत गेली होती.

 

मामाला हाक मारायला वेळ नव्हता. मारली असती तरी त्याला ऐकू गेली नसती. फोन हिसकावून भिंतीवर आपटावा असं वाटलं. पण काल पट्टी जाळून काय झालं, ते समोर दिसत होतं. फोनही गेला तर त्याला आईच्या कानाशिवाय काहीच उरणार नव्हतं. त्याला दुसरा कान हवा होता.

मी आईजवळ गेले, तिच्यासमोर, तिला माझे ओठ दिसतील असं.

"आई, मला बोलायचंय बाबांशी."

तिला वाटलं, आपल्याला नीट कळलं नाही. मी हात पुढे केला. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद उमटला, की मला क्षणभर सगळं सांगून टाकावंसं वाटलं. "अहो," ती फोनमध्ये म्हणाली, गरजेपेक्षा फार मोठ्याने, "पोरगी बोलायचं म्हणतेय." आणि तिने फोन माझ्या हातात दिला. देताना तो चिकटल्यासारखा झाला. तिने गालावर हात चोळला.

कुठला कान, हे मी दारात असतानाच ठरवलं होतं. मी आईच्या डावीकडे बसते, तेव्हा माझी उजवी बाजू तिच्याकडे असते. उजवा तिच्यासाठी ठेवायचा. मी फोन डाव्या कानाला लावला.

आधी काच लागेल असं वाटलं होतं. काच लागली नाही. कुणाच्या तरी गालाला गाल लागावा तसं लागलं, पण कोमट पाण्यात फार वेळ राहिलेल्या, सुरकुतलेल्या गालाला. ते माझ्या कानाच्या वळणांतून सावकाश फिरलं, जागा शोधल्यासारखं, आणि बसलं.

"हॅलो? बाळा, तू आहेस का?" बाबा म्हणाले.

९

आईचा कान आता कोरडा आहे. पुरळ गेलं. डॉक्टर म्हणाले, थेंबांनी गुण आला. मी ओठ जेमतेम हलवले तरी तिला पुन्हा ऐकू यायला लागलंय, आणि ती तोंड न वळवता भाजी चिरत उत्तर देते. ते ऐकलं की मला बरं वाटतं.

रोज सहा वाजता आधी मी बोलते, तेही भरपूर. माझं बोलून झालं, फोन पुसला, की उरलेली पाच मिनिटं आई बोलते, आणि तेव्हा तो अगदी साध्या फोनसारखा असतो. स्क्रीन लागते, विझते. मी दारात उभी राहून बघत असते. मी एखाद्या दिवशी कमी बोलले, तर त्या पाच मिनिटांत स्क्रीन जरा उशिराने लागते. म्हणून मी कमी बोलत नाही.

घरात सगळे खूश आहेत. मामाने माझं ‘म्यूट’ हे नाव रद्द केलं, आता तो मला ‘स्पीकर’ म्हणतो. बाबा पाळीवरच्या मित्रांना सांगतात की पोरगी उघडली. मी त्यांना शाळेतलं सांगते, मैत्रिणींचं सांगते, घडलं नसलं तरी घडवून सांगते. कधीकधी फोनमध्ये नुसती खरखर असते, बाबांपर्यंत काही पोचत नसतं, तरी सांगत राहते.

मागच्या आठवड्यात उशीच्या अभ्र्यावर पहिला पिवळा डाग दिसला. मी उशी उलटी केली. मामाच्या टेबलावरचा कापूस थोडा काढून दप्तरात ठेवलाय. वर्गात मी जागा बदलून घेतली, बाई माझ्या उजवीकडे येतील अशी. बाईंनी कारण विचारलं नाही.

सहा वाजले की मी स्टूलवर बसते आणि फोन डाव्या कानाला लावते.  आता त्या कानाने बाबांचा आवाज लांबून येतो, पाण्याखालून आल्यासारखा. ते म्हणतात, "बोल ना, बाळा. ऐकतोय मी."

आणि मी तोंड उघडण्याच्या आधी, अगदी जवळ, कानाच्या आत, काहीतरी श्वास रोखून धरतं.